खिदमत करणाऱ्यांची खिदमत कोण करणार?

गेल्या रमजानमध्ये इफ्तारला अर्धा तास उरलेला असताना आमच्या गटातली एक आपा खजुराची पाकिटं भरता भरता चक्कर येऊन खाली बसली. परळ-लालबागच्या चाळींत राहणाऱ्या आम्ही आठ-दहा जणी. कुणी शिक्षिका, कुणी शिवणकाम करणारी. शिष्यवृत्तीचे अर्ज, रेशनकार्डाची दुरुस्ती, केईएममध्ये गावाहून आलेल्या पेशंटच्या नातेवाइकांना डबा, ही आमची कामं. त्यात आपा सगळ्यांत पुढे. रात्री साडेअकराला फोन आला तरी ती "येते" म्हणणार. डॉक्टरांनी बीपी तपासलं तेव्हा कळलं, तिच्या गोळ्या संपून तीन आठवडे झाले होते. आणायला सवडच मिळाली नव्हती. आम्हाला लाज वाटली. तिच्यावर कामं सोपवताना आमच्यापैकी एकीनेही "तू कशी आहेस?" असं विचारलं नव्हतं.

'बर्नआऊट' हा शब्द हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाच्या १९७४ च्या लेखामुळे रूढ झाला. न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात राबणारे स्वयंसेवक त्यांनी पाहिले होते आणि ते स्वतःही त्यांतलेच होते. अंगातली ताकद आटणं, कामाबद्दल कडवटपणा येणं आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं, या त्याच्या तीन खुणा जागतिक आरोग्य संघटनेने सांगितल्या आहेत. आमच्याकडे त्यात भर पडते. ज्या मुलीचा अर्ज अडकला ती आमच्याच गल्लीतली असते. कुठे काही घडलं की स्टाफरूममध्ये खुलासा आमच्याकडेच मागितला जातो. आणि घरी आल्यावर स्वयंपाक वाट पाहतच असतो.

२०२० मध्ये मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात स्वयंसेवकांनी कोविडच्या मय्यती दफन केल्या, कुणी वाली नसलेल्या हिंदू बांधवांचे अंत्यसंस्कारही केले. त्यांचं कौतुक झालं. पण त्यांच्या झोपेची चौकशी कितीजणांनी केली?

सावित्रीबाई फुल्यांचं १० ऑक्टोबर १८५६ चं पत्र आम्ही पुन्हा वाचलं. आजारपणामुळे त्या माहेरी, नायगावला होत्या. बरं वाटेपर्यंत तिथेच थांबल्या. फातिमाला खूप त्रास पडत असेल, पण ती तक्रार करणार नाही, अशी काळजी त्यांनी जोतिरावांना कळवली. विश्रांती घेणारी आणि न बोलता ओझं उचलणारी, दोघीही एकाच पत्रात आहेत. तक्रार न करणाऱ्या फातिमांकडे आपणच लक्ष द्यायला हवं.

हजरत अबू दरदा (रजि.) दिवसा रोजे ठेवत आणि रात्र इबादतीत घालवत. घराकडे दुर्लक्ष होत होतं. हजरत सलमान फारसी (रजि.) यांनी त्यांना आग्रहाने झोपायला लावलं आणि रात्रीच्या शेवटच्या प्रहरी दोघांनी मिळून नमाज अदा केली. रबचा हक्क आहे, तसाच शरीराचा आणि घरच्यांचाही, असं त्यांनी समजावलं. प्रेषितांनी (स.) सलमान यांचं म्हणणं खरं ठरवलं.

मग आम्ही काही नियम केले. रात्री नऊनंतरचे फोन एकीनेच घ्यायचे, आणि ती पाळी दर आठवड्याला बदलायची. प्रत्येकीला आठवड्यातला एक वार पूर्ण मोकळा. बैठकीत कामाआधी प्रत्येकीची खुशाली, औषधं आणि झोप यांची विचारपूस. "या वेळी जमणार नाही" म्हणणारीला टोमणा मारायचा नाही. झोप उडाली, उगाच रडू येऊ लागलं, नमाजमध्येही मन लागेना, तर डॉक्टरांना दाखवायचं. सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

आपाला बुधवार मिळाला. पहिल्या बुधवारी तिने दोनदा फोन केला, "अर्ज गेले का?" आम्ही कळवलं, "गेले. झोप." तिसऱ्या बुधवारी तिचा फोन आलाच नाही. ती नातीला घेऊन दादर चौपाटीवर गेली होती.