साडेतीन गिरक्या

हिवाळी ऑलिंपिक सुरू झालं की आमच्या घरात टीव्हीचा रिमोट माझ्या ताब्यात असतो. बर्फावरचं स्केटिंग मी चुकवत नाही. 'आजी, तुला त्यातलं काय कळतं?' असं नातू विचारतो. त्याचं बरोबरच आहे. बर्फाशी माझा संबंध उसाच्या रसापुरता. पण मी ३२ वर्षं शाळेत खेळ शिकवला, मुलींना दोरीवरचा मल्लखांब शिकवला. शरीर अधांतरी असताना काय होतं आणि पडल्यावर मनात काय होतं, एवढं मला समजतं. म्हणूनच जपानच्या माओ आसादा या मुलीची गोष्ट आज तुम्हाला सांगणार आहे.

गोष्टीच्या मध्यभागी एक उडी आहे, ती आधी समजून घेऊ. फिगर स्केटिंगमध्ये उड्यांचे सहा मुख्य प्रकार आहेत. त्यांतल्या पाचांत खेळाडू उलटी, म्हणजे मागे सरकत असताना उडी घेते आणि उलटी सरकतच उतरते. सहावा प्रकार ॲक्सेल. नॉर्वेच्या ॲक्सेल पाउल्सेन यांनी १८८२ साली ती पहिल्यांदा करून दाखवली, म्हणून त्यांचंच नाव तिला मिळालं. ही एकच उडी समोर तोंड करून घेतात. उतरायचं मात्र उलटंच, त्यामुळे हवेत अर्धी गिरकी जास्त लागते. ट्रिपल ॲक्सेल म्हणजे तीन नव्हे, साडेतीन गिरक्या, त्याही पाऊण सेकंदाच्या आत! मग काही मिलिमीटर रुंदीच्या पात्यावर, एका पायावर उतरायचं. संगीत चालू असतं, त्यामुळे चेहऱ्यावर कष्टही दिसता कामा नयेत.

महिलांच्या स्पर्धेत ही उडी १९८८ साली पहिल्यांदा साधली ती मिदोरी इतो हिने. ती नागोया शहरातली, माचिको यामादा या प्रशिक्षिकेची शिष्या. त्याच शहरात २५ सप्टेंबर १९९० रोजी माओचा जन्म झाला. थोरली बहीण माई हिच्याबरोबर ती लहानपणीच बर्फावर उतरली आणि पुढे यामादाबाईंकडेच शिकली. साडेतीन गिरक्यांचा वारसा तिला असा घराजवळच मिळाला.

२००५ साली माओने कनिष्ठ गटाचं जागतिक विजेतेपद मिळवलं. त्याच डिसेंबरात, पंधराव्या वर्षी, तोक्योत ग्रांप्री फायनल जिंकताना तिने त्या वेळची जगज्जेती इरिना स्लुत्स्काया हिला मागे टाकलं. दोनच महिन्यांनी इटलीतल्या तोरिनो शहरात ऑलिंपिक होतं. पण माओला तिथे जाता आलं नाही. नियम असा होता, की आधीच्या १ जुलैपूर्वी पंधरा वर्षं पूर्ण हवीत. माओला ८७ दिवस कमी पडले. तिथे सुवर्णपदक जपानच्याच शिझुका आराकावाने जिंकलं, स्लुत्स्काया तिसरी आली.

आपल्याकडे वयोगटाच्या स्पर्धांसाठी जन्मदाखले तपासताना मी हे कितीदा तरी पाहिलं आहे. तारीख थोडीशी चुकते आणि मूल खिडकीपाशी उभं राहून रडतं. नियम वाईट नसतो, तो मुलांना जपण्यासाठीच असतो. पण त्या मुलाची यात काय चूक, याचं उत्तर आपल्याकडे नसतं.

मग आलं २००८ सालचं जागतिक अजिंक्यपद, स्वीडनमधल्या गोथेनबर्गला. मुख्य कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच ट्रिपल ॲक्सेल होती. उडी घेण्याआधीच पाय निसटला आणि माओ बर्फावरून घसरत लांब गेली. असं पडल्यावर उरलेला कार्यक्रम कोलमडणं हे नेहमीचंच. ही उठली, संगीत गाठलं, बाकीचा कार्यक्रम पुरा केला आणि जगज्जेती झाली.

२०१० सालच्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये तिच्यासमोर होती दक्षिण कोरियाची किम यु-ना. दोघींचा जन्म एकाच महिन्यातला, वीस दिवसांच्या अंतराने. इथे थोडा हिशोब सांगते. त्या हंगामात ट्रिपल ॲक्सेलला मूळ गुण होते ८.२, तर तिच्या खालोखालच्या लुत्झ उडीला ६. फरक सव्वादोन गुणांच्या आसपास. पण ॲक्सेलची गिरकी बरीच अपुरी राहिली तर ती दुहेरी धरली जायची आणि मूळ गुण उरायचे साडेतीन. एवढ्या फायद्यासाठी एवढा धोका कोण पत्करेल? माओने तो एकाच स्पर्धेत तीनदा पत्करला आणि तिन्ही वेळा उडी साधली. असं तोवर कोणत्याही महिलेने केलं नव्हतं. तरीही इतर चुकांमुळे आणि किमच्या निर्दोष सादरीकरणामुळे सुवर्ण किमला गेलं. गुण होते २२८.५६ आणि २०५.५०. माओला रौप्य.

पुढच्याच महिन्यात ती पुन्हा जगज्जेती झाली, आणि ती नेमकी तोरिनोत. चार वर्षांपूर्वी जिथे तिला प्रवेश नव्हता, तीच रिंक होती ती.

इथे दुसरी एखादी थांबली असती. माओ नोबुओ सातो या वयोवृद्ध प्रशिक्षकांकडे गेली आणि उड्यांची पायापासून दुरुस्ती करायला बसली. लागलेली सवय मोडणं हे नवं शिकण्यापेक्षा अवघड असतं. त्या मोसमात, स्वतःच्या नागोया शहरात झालेल्या एनएचके करंडकात, दोनदा जगज्जेती झालेली माओ आठवी आली. पुढच्या वर्षी, डिसेंबर २०११मध्ये, ती स्पर्धेसाठी कॅनडात असताना आईची तब्येत बिघडल्याचा निरोप आला. स्पर्धा सोडून ती निघाली, पण घरी पोचण्याआधीच आई गेली. त्याच महिन्यात ती राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि जिंकली.

आता २०१४चं सोची. छोट्या कार्यक्रमात ती ॲक्सेलवर पडली, पुढेही चुकत गेली. गुण ५५.५१, क्रमांक सोळावा. पदकाची आशा संपली. ही मुलगी मोक्याच्या क्षणी हमखास पडते, असं जपानचे एक माजी पंतप्रधान, योशिरो मोरी, जाहीरपणे बोलून गेले आणि त्यावर बरीच टीका झाली.

दुसऱ्या दिवशी रात्री मी टीव्हीसमोर बसले ती धाकधुकीनेच. संगीत होतं राखमानिनोवच्या दुसऱ्या पियानो कन्चेर्टोचं. पहिलीच उडी ट्रिपल ॲक्सेल. साधली! मग एकामागून एक, सहाही प्रकारच्या मिळून आठ तिहेरी उड्या. शेवटच्या पवित्र्यात तिने मान वर केली आणि तिला रडू फुटलं. पुढच्याच क्षणी स्वतःला सावरून ती हसली आणि प्रेक्षकांना वाकून नमस्कार केला. गुण १४२.७१, त्या कार्यक्रमापुरती तिसरी, एकूण सहावी. पदक नाहीच.

त्या रात्री मला माझी एक विद्यार्थिनी आठवली. जिल्हा स्पर्धेत तिला एक अवघड उडी करायची होती. सरावात ती निम्म्या वेळा जमायची. मी म्हटलं, 'नको, सोपा संच कर.' तिने ऐकलं, दुसरी आली, शाळेत कौतुक झालं. ती उडी मात्र तिने पुन्हा कधी केली नाही आणि पुढच्या वर्षी मल्लखांबही सोडला. मी तिला जपलं असं मला वाटत होतं. खरं तर मी शाळेचं पदक जपलं होतं.

सोचीनंतर महिन्याभरात सायतामा इथे माओ तिसऱ्यांदा जगज्जेती झाली. छोट्या कार्यक्रमात ७८.६६ हा तेव्हाचा जागतिक उच्चांक करून. मग एक वर्षाची विश्रांती, पुनरागमन, आणि डिसेंबर २०१६च्या राष्ट्रीय स्पर्धेत बारावा क्रमांक. एप्रिल २०१७मध्ये, २६व्या वर्षी, तिने निवृत्ती जाहीर केली. ऑलिंपिक सुवर्ण शेवटपर्यंत मिळालं नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. २००८ साली जपानमध्ये जन्मलेल्या एका मुलीचं नाव तिच्यावरून ठेवलं गेलं. ही माओ शिमादा. २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षं ती कनिष्ठ गटात जगज्जेती झाली. ट्रिपल ॲक्सेल तीही करते. दरम्यान, २०२२ साली वयाची अट टप्प्याटप्प्याने सतरापर्यंत वाढवण्याचं ठरलं. शिमादाचा जन्म ३० ऑक्टोबरचा, त्यामुळे २०२६चं मिलानचं ऑलिंपिक तिला चार महिन्यांनी हुकलं. नाव तेच, हुकलेली तारीखही तशीच. पुढचं काय, ते तिचं तिला ठरवायचं आहे.

माझी तुम्हा पालकांना एकच विनंती आहे. मुलगी स्पर्धेहून घरी आली की 'कितवी आलीस?' हे नंतर विचारा. आधी विचारा, 'आज काय करून बघितलंस?'

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)