मुळांचे गाणे आणि गाणाऱ्याचा हक्क

आदिवासींचे गाणे घेऊन शहरातल्या पोरांनी रॉकचा किंवा रॅपचा अल्बम काढला की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. एक म्हणतो, लोककला वाचली. दुसरा म्हणतो, ही चोरी झाली. दोघेही घाई करतात. त्या गाण्यात आदिवासी कुठे उभा आहे, हे तपासल्याशिवाय निकाल देता येत नाही.

ब्राझीलच्या 'सेपुल्तुरा' या बँडचा 'रूट्स' हा अल्बम १९९६ साली आला. रूट्स म्हणजे मुळे. बँडची मंडळी मातो ग्रोसो प्रांतातील शावांते आदिवासींच्या गावी गेली आणि त्यांच्यासोबत गाऊन ध्वनिमुद्रण केले. बाहिया प्रांतातील कृष्णवर्णीय वादक कार्लिन्योस ब्राऊन यांना सोबत घेतले. गुलामांच्या वंशजांनी जपलेले बेरिंबाऊ त्यात वाजते. धनुष्याला भोपळा बांधलेले हे एकतारी वाद्य. आपल्या वारल्यांच्या तारप्यालाही भोपळाच असतो! १९८८ साली खून झालेले जंगलरक्षक चिको मेंडेस यांचे स्मरण एका गाण्यात आहे, तर दुसऱ्या गाण्यात १९६४ पासूनच्या लष्करी हुकूमशाहीवर थेट प्रहार आहे. गोऱ्या युरोपकडे पाहून वाजवणाऱ्या रॉकने आपल्याच मातीतल्या तुडवलेल्या माणसाकडे तोंड वळवले, ही या अल्बमची खरी ताकद. ढोल तर असे की छातीत घुमावेत.

उणिवाही तितक्याच ठळक आहेत. तासाभराहून मोठ्या या अल्बमात गिटारचा एकच जड सूर सारखा येत राहतो आणि कान थकतो. बहुतेक शब्द इंग्रजीत, तेही घोषणेसारखे तुटक. आणि मुख्य म्हणजे शावांतेंचे गाणे मधल्या विसाव्यासारखे वेगळे ठेवले आहे. आदिवासी सूर देतो, पण त्याच्या वतीने बोलतो बँडच. आपल्याला हा अनुभव नवा नाही. आपल्या दुःखावर भाषण दुसऱ्याचे आणि आपण श्रोत्यांत!

आता घराजवळ येऊ. २०१९ साली मुंबईच्या 'स्वदेशी' या रॅप गटाने 'द वारली रिव्होल्ट' हे मराठी गाणे काढले. त्यात आरेच्या केलटीपाड्याचे वारली कार्यकर्ते प्रकाश भोईर स्वतः गातात. इथे आदिवासी विसाव्याला नाही, बोलणारा आहे. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी कुऱ्हाड पडली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने 'जैसे थे'चा आदेश दिला, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे गेली होती. गाण्याने झाडे वाचली नाहीत. पण आरेत जंगलच नाही म्हणणाऱ्यांना तिथे माणसेही राहतात, हे त्याने ऐकवले. त्याची उणीव वेगळी आहे. रॅपचा वेग असा की पाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसाला शब्द धरता येत नाहीत. जलशातले गाणे दुसऱ्या कडव्याला लोक सोबत म्हणू लागतात. चळवळीच्या गाण्याची ती कसोटी आहे.

वकील म्हणून आणखी एक कसोटी लावतो. कायदा काय सांगतो? पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या गाण्याचा कर्ता अज्ञात असतो, म्हणून कॉपीराइट कायदा, १९५७ त्या समाजाला मालकी देत नाही. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे. वारली गाण्याला तसे कवच नाही. पण गाणारा अगदीच निराधार नाही. कलम ३८ प्रमाणे गायक-वादकाला त्याच्या सादरीकरणावर ५० वर्षे हक्क असतो. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ३८-अ त्याला व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीपर्यंत नेते, तर कलम ३८-ब प्रमाणे आपले नाव लावण्याची मागणी तो करू शकतो आणि बदनामी करणाऱ्या विकृतीकरणाविरुद्ध दाद मागू शकतो. हे हक्क कागदावर आहेत. ते वापरणारा माणूस हवा.

हे मीरा-भाईंदरला का सांगायचे? काशिमिऱ्याचे पाडे राष्ट्रीय उद्यानाला लागून आहेत. भाईंदरजवळ डोंगरी येथे मेट्रो ९ च्या कारशेडसाठी हजारो झाडांचा प्रश्न २०२५ साली पेटला. उद्या इथलेही गाणे कोणीतरी मुद्रित करील. तेव्हा गाणाऱ्याचे नाव मुखपृष्ठावर असावे, करार त्याला कळणाऱ्या भाषेत लेखी असावा आणि रॉयल्टीचा आकडा त्यात असावा. एकरकमी चार पैसे देऊन भीमगीतांच्या कॅसेटी काढल्या गेल्या, तेव्हा आपल्या गायकांना हे सांगणारे कोणी नव्हते. आता कायदा आहे आणि आपल्या समाजात वकीलही आहेत. जयंतीच्या मंडपात गाणाऱ्या पोरा-पोरींपासूनच सुरुवात करू या. सही करण्याआधी कागद वाचून घ्या!