उचललं म्हणून बाळ बिघडतं?

बाळंतिणीला भेटायला येणाऱ्या मावशी-काकूंकडे एक सल्ला तयारच असतो: "सारखं उचलू नकोस गं, हाताची सवय लागेल." बाळ असतं जेमतेम तीन आठवड्यांचं, रडून लालबुंद झालेलं. आई पुढे केलेले हात मागे घेते.

हा सल्ला खरा वाटतो तो बाळाच्या वेळापत्रकामुळे. दुसऱ्या आठवड्यापासून बाळाचं रडणं वाढत जातं, सहाव्याच्या आसपास टिपेला पोचतं आणि तीन-चार महिन्यांत बहुतेकांचं आपोआप ओसरतं. आईने उचललं तरी आणि नाही उचललं तरी. पण उचलणारीला सहाव्या आठवड्यात ऐकावं लागतं, "बघ, लागली ना सवय!" आणि न उचलणारीला तिसऱ्या महिन्यात फुकटची शाबासकी मिळते. आठव्या महिन्यात बाळ अनोळखी माणूस पाहून आईला बिलगलं, की पुन्हा तोच शेरा. वास्तविक आपली माणसं कोण आणि परकी कोण हे त्याला कळू लागल्याची ती खूण असते.

उचलल्याने सवय लागते का, हे कोणी तपासून पाहिलंय का? पाहिलंय, आणि तेही १९८६ सालीच. मॉन्ट्रियलमध्ये हुन्झिकर आणि बार या संशोधकांनी ९९ मायलेकरांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटातल्या आयांना सांगितलं, की बाळाला दिवसातून किमान तीन तास अंगाशी घेऊन वावरा, ते रडत नसलं तरीही. सहाव्या आठवड्यात ही बाळं दुसऱ्या गटापेक्षा ४३ टक्के कमी रडत होती. सवयीचा सिद्धान्त खरा असता, तर नेमकं उलट घडायला हवं होतं! बार यांनी पुढे हाच प्रयोग पोटशूळ असल्यासारखं अति रडणाऱ्या बाळांवर केला, तेव्हा फरक पडला नाही. तेव्हा उचलणं हा काही रामबाण उपाय नव्हे. पण उचलल्याने रडणं वाढल्याचं तिथेही दिसलं नाही.

बरं, या सल्ल्याला 'आपली परंपरा' म्हणावं, तर आपल्याच घरात बाळाला तेल लावून चोळतात, पायांवर घेऊन न्हाऊ घालतात, दुपट्यात गुंडाळून मांडीवर निजवतात. सकाळभर एवढी जवळीक चालते, मग दुपारीच ती वाईट कशी ठरते? उलट, मुलांना मिठ्या मारू नका, मुके घेऊ नका, सकाळी हस्तांदोलन करा, असं छापील पुस्तकातून बजावणारा गृहस्थ होता अमेरिकेतला मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन, १९२८ मधला.

"रडू दे, रडून रडून शिकेल," असंही म्हणतात. काय शिकतं, ते रुमानियात दिसलं. बुखारेस्टच्या अनाथालयांतल्या १३६ मुलांचा अभ्यास २००० साली सुरू झाला, तेव्हा संशोधकांना खटकली ती तिथली शांतता. रडून कोणी येत नाही म्हटल्यावर बाळांनी रडणंच सोडलं होतं. त्यातली निम्मी मुलं पालक-कुटुंबांत ठेवली गेली आणि त्यांच्यात सुधारणा दिसली. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांमध्ये अधिक. अर्थात हे टोकाचं उदाहरण आहे. आई अंघोळीला गेली आणि बाळ पाच मिनिटं रडलं, तर त्याच्या मनावर कायमचा ओरखडा उठत नाही. तिने साबणाच्या अंगाने धावत येण्याची गरज नाही.

आणखी काही ठरलेली वाक्यं:

"रडल्याने फुफ्फुसं मजबूत होतात." होत नाहीत.

"आमची भांडणं त्याला काय कळतायत!" २०१३ मध्ये अमेरिकेत सहा ते बारा महिन्यांच्या झोपलेल्या बाळांच्या मेंदूचं स्कॅनिंग झालं. घरात जास्त भांडणं होणाऱ्या बाळांचा मेंदू रागीट आवाजाला झोपेतही अधिक प्रतिसाद देत होता.

"बाळाला लळा फक्त आईचाच." ग्लासगोतल्या ६० बाळांच्या १९६४ मधल्या अभ्यासात दीड वर्षापर्यंत बहुतेकांना आईखेरीज इतरांचाही लळा लागलेला होता, विशेषतः वडिलांचा.

"दृष्ट लागली असेल." तीन महिन्यांच्या आतलं बाळ रडायचं थांबेना, दूध ओढेना किंवा अंगात ताप असेल, तर मीठ-मोहऱ्या शोधत बसू नये, लगेच डॉक्टरकडे न्यावं.