अहवाल अडला, तर तक्रार कशी लिहावी?

बियाणे उगवले नाही म्हणून शेतकरी आमच्याकडे येतो, तेव्हा आम्ही आधी विचारतो, "बिल आहे का? पिशवी आणि टॅग ठेवलाय का? पेरणी कोणत्या तारखेची?" ज्याच्यापाशी हे असते, त्याची तक्रार तालुक्याच्या समितीपुढे उभी राहते. ज्याच्यापाशी नुसता संताप असतो, त्याच्या हाती फारसे काही लागत नाही. सारी नोकरी हेच सांगण्यात गेली. पण स्वतः तक्रार लिहायची वेळ आली तेव्हा मीच ते विसरलो.

झाले असे. कपाशीच्या शेतीशाळेसाठी एका गावी गेलो होतो. माणसे पांगल्यावर एका ओळखीच्या शेतकऱ्याने, आम्ही त्यांना आबा म्हणतो, मला बाजूला घेतले. "साहेब, लेक घरी येऊन सहा महिने झाले. चार वर्षांचं पोर आहे पदरी. मारून बाहेर काढली तिला. संरक्षण अधिकाऱ्याकडं जबाब देऊन चार महिने झाले, पण कागद काही कोर्टात जाईना." दर खेपेला एस.टी.चे भाडे आणि दिवसाची मजुरी बुडायची. एकदा साहेब मीटिंगला गेलेले, एकदा टायपिस्ट रजेवर, एकदा "पुढच्या आठवड्यात या". तोवर पोटगीचा एक रुपया नाही.

हा संरक्षण अधिकारी कोण, हे पुष्कळ घरांत ठाऊक नसते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. घरात मारहाण, छळ किंवा उपासमार सोसणाऱ्या बाईची हकिकत लिहून घ्यायची, घटनेचा अहवाल मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचा, त्याची प्रत पोलीस ठाण्याला द्यायची, फुकट वकील मिळवून द्यायचा आणि अर्जाचा नमुना विनामूल्य द्यायचा, ही त्याची कामे. तो महिला व बालविकास विभागाच्या हाताखाली असतो, पण कायद्याने मॅजिस्ट्रेटचीही त्याच्यावर देखरेख असते. म्हणजे तक्रारीला दोन दारे आहेत. आबांना एकही माहीत नव्हते. खरे सांगायचे तर मलाही नव्हते.

त्या रात्री मी तावातावाने चार पाने तक्रार लिहिली. लग्नातल्या मानपानापासून सुरुवात केली, जावयाचा स्वभाव वर्णिला, आणि शेवटी अधिकाऱ्याने सासरकडून पैसे खाल्ले असणार, असेही ठोकून दिले. आबांनी अंगठा उठवला, लेकीने सही केली. महिना गेला, उत्तर नाही. विचारायला गेलो तर बारनिशीत त्या कागदाची नोंदच नव्हती; आम्ही तो कुणाच्या तरी टेबलावर ठेवून आलो होतो. दुसऱ्यांच्या बिलांचा हिशेब विचारणाऱ्या मला स्वतःची पोच घ्यायचे सुचले नव्हते!

मग तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे गेलो. तिथल्या वकीलबाईंनी चार पाने वाचली आणि विचारले, "यात अधिकाऱ्यानं काय केलं नाही, ते कुठल्या ओळीत आहे?" ते शेवटून दुसऱ्या ओळीत होते. नवऱ्याने काय केले ते कोर्टाला सांगायचे. अधिकाऱ्याविरुद्धच्या तक्रारीत अधिकाऱ्याचेच काम लिहायचे. पैसे खाल्ल्याचा पुरावा नसेल तर तो शब्द काढून टाकायचा, कारण त्या एका शब्दापायी बाकीचे खरेही खोटे ठरते.

दुसरी तक्रार एका पानाची झाली. अमुक तारखेला जबाब दिला. अमुक चार तारखांना कार्यालयात गेले, प्रत्येक वेळी हे उत्तर मिळाले. आजपर्यंत अहवाल कोर्टात गेलेला नाही. तो ताबडतोब पाठवावा व उशिराचे कारण मला लेखी कळवावे. आबांच्या लेकीने एस.टी.ची तिकिटे पोराच्या दप्तरात जपून ठेवली होती, त्यांवरून तारखा जुळल्या. मूळ अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याला, प्रत मॅजिस्ट्रेटच्या कोर्टाला. या वेळी आमच्या प्रतीवर शिक्का, सही आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडली नाही. जाणे जमत नसेल तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पावती ठेवावी; जुने रजिस्टर पोस्ट २०२५ साली त्यातच विलीन झाले आहे.

एवढ्यानेही हालचाल झाली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाकता येतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा आणि विचारायचे, "माझ्या अर्जावर कोणत्या तारखेला काय कार्यवाही झाली?" उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. शिवाय महाराष्ट्रात २००५ चाच एक कायदा आहे, त्याप्रमाणे सरकारी नोकराच्या टेबलावर फाईल सर्वसाधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त अडून राहू नये. आम्हां नोकरदारांना तो चांगला पाठ असतो, पण आम्ही होऊन कुणाला सांगत नाही. जिल्ह्याला दर महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी महिला लोकशाही दिन असतो. अर्ज दोन प्रतींत पंधरा दिवस आधी द्यावा. मात्र कोर्टात चालू असलेली बाब तिथे घेत नाहीत.

इथे एक गफलत नेहमी होते. कोर्टाचा हुकूम पटला नाही म्हणून तक्रार अर्ज करणारे पुष्कळ भेटतात. हुकमाविरुद्ध तक्रार नसते, अपील असते. या कायद्यातल्या हुकमाचे अपील सेशन कोर्टात तीस दिवसांच्या आत करावे लागते. अर्ज-विनंत्यांत ते दिवस निघून गेले की हात चोळत बसावे लागते. शहरातल्या कौटुंबिक न्यायालयात समुपदेशकाच्या वागण्याबद्दल तक्रार असेल, तर ती तिथल्या प्रमुख न्यायाधीशांकडे लेखी द्यावी.

वकीलबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती ऐकून आबांनी कपाळावर हात मारला. अहवालाची वाट पाहायची गरजच नव्हती! बाई स्वतः थेट मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करू शकते, आणि तोही माहेरच्या तालुक्यात, जिथे ती आज राहते तिथे. अहवाल नसला तरी कोर्ट हुकूम देऊ शकते, असा सुप्रीम कोर्टाचा २०२२ चा निकाल आहे. वकिलाची फी बाईला पडत नाही. मिळकत कितीही असो, विधी सेवा कायद्याने तिला वकील फुकट मिळतो. १५१०० या नंबरावर फोन करूनही चौकशी करता येते.

"काका, मग ते चार महिने कुणी भरून द्यायचे?" आबांच्या लेकीने मला विचारले. मी गप्प बसलो.

तक्रारीचा शिक्का पडल्यानंतर अकराव्या दिवशी अहवाल कोर्टात पोहोचला. तोवर तिचा स्वतःचा अर्जही दाखल झाला होता. अंतरिम पोटगीचा हुकूम झाला. पहिले दोन हप्ते आले, तिसरा थकला आहे, त्याच्या वसुलीचा अर्ज दिला आहे. मूळ प्रकरण चालू आहे. पुढची तारीख पोळ्यानंतरची आहे.