राख फुकट मिळते, पण धंदा चाचणीवर उभा राहतो

आपल्या नगर जिल्ह्यात कच्चा माल नाही, असं कोण म्हणतं? प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला. आज जिल्ह्यात असे बरेच कारखाने आहेत आणि प्रत्येकाच्या बॉयलरमध्ये बगॅस जळून राख उरते.

या राखेत सिलिका भरपूर असते. सिमेंटमध्ये पाणी पडलं की चुना सुटतो, आणि बारीक राखेतली सिलिका त्या चुन्याशी मिळून पक्का बंध तयार करते. म्हणून थोड्या सिमेंटची जागा राख घेऊ शकते.

पण घाई करू नका. मी केली होती. राखेचे पेव्हर ब्लॉक स्वस्त मिळाले म्हणून दुकानात भरले. कोपरे झडले, गिऱ्हाइकाला पैसे परत द्यावे लागले. राखेत अर्धवट जळालेलं बगॅस तसंच होतं. ते पाणी पितं आणि ताकद घालवतं.

आयआयटी मद्रासच्या संशोधनातला मार्ग सोपा आहे: राख ३०० मायक्रॉनच्या चाळणीतून चाळा, वर उरलेले तंतू काढा, खालची राख सिमेंटइतकी बारीक दळा.

कर्ज काढण्याआधी एक पोतं राख प्रयोगशाळेत न्या. फ्लाय अ‍ॅशच्या आयएस ३८१२ मानकात जाळल्यावरची वजनघट ५ टक्क्यांपर्यंतच चालते. तोच अंदाज धरा. मग साधे आणि राखेचे क्यूब ७ व २८ दिवसांनी तपासा. राख सावकाश काम करते, त्यामुळे सातव्या दिवशी नाराज होऊ नका.

शेवटी दळणाचं वीजबिल आणि गाडीभाडं धरून हिशोब मांडा. तरीही सिमेंटपेक्षा स्वस्त पडलं, तरच पुढे जा.