पक्के घर मिळाले, पण खिडकीतून ऊन येते का?

दुपारचे साडेबारा वाजले होते. मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका पुनर्वसन इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, मी एका ताईंकडे गेले होते. बाहेर एप्रिलचे कडकडीत ऊन आणि घरात ट्यूबलाइट चालू. ताईंचा टीबीचा कोर्स चार वर्षांपूर्वी पूर्ण झाला होता. आता त्यांच्या मुलीच्या थुंकीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला होता.

ताई म्हणाल्या, "सिस्टर, नाल्याकाठी होतो तेव्हा पावसात घरात पाणी शिरायचं. पत्रा तापायचा. पण दार दिवसभर उघडं असायचं. इथं टाइल्स आहेत, घरात संडास आहे, आणि सगळे आजारी."

घरातला संडास ही लहान गोष्ट नाही. रात्री बाहेर जाण्याची भीती ज्या बाईने काढली आहे तिला विचारा. पुन्हा झोपडीत जा, असे मी कोणाला सांगणार नाही. पण भिंत पक्की झाली म्हणजे घर निरोगी झाले, हेही खरे नाही. नर्सिंगच्या नोकरीत आणि नंतर वस्त्यांमध्ये फिरताना मी हे इतक्या घरांत पाहिले आहे, की आता कोणाच्या घरी गेले तर आधी खिडकी बघते आणि मग पाणी पिते.

टीबीचे जंतू हवेतून पसरतात. रुग्ण खोकला की अतिशय बारीक थेंब हवेत जातात आणि बंद खोलीत ते कित्येक तास तरंगत राहतात. थेट ऊन या जंतूंना मारते, वाहती हवा त्यांना बाहेर नेते. अंधाऱ्या, कोंदट खोलीत दोन्ही होत नाही. टीबीच्या रुग्णांना ठेवतात त्या वॉर्डात तासाला साधारण बारा वेळा हवा बदलावी, असे आम्हाला शिकवले जाते. ताईंच्या घरातली हवा तासाला एकदा तरी बदलत असेल का, याची मला शंका आहे.

हे फक्त माझ्या डोळ्यांनी पाहिलेले नाही. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने मानखुर्द-गोवंडीतल्या लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी या तीन वसाहतींचा अभ्यास केला आणि तो २०१८ मध्ये चर्चेत आला. पहिल्या दोन वसाहतींत इमारती एकमेकींना खेटून आहेत. तिथे टीबीचे प्रमाण मोकळ्या मांडणीच्या पीएमजीपीपेक्षा बरेच जास्त आढळले. आजाराला दाटी, कुपोषण, अर्धवट सोडलेले औषध अशी आणखीही कारणे असतात. पण इमारतीची मांडणी हे त्यातले एक कारण आहे, आणि ते माणसांनी नकाशावर ठरवलेले आहे.

मुंबईला हा धडा नवा नाही. १८९६ मध्ये प्लेग आला. त्यानंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, म्हणजे आपण ज्याला बीआयटी म्हणतो तो ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीत उजेड आणि हवा आणणे हे त्याचे एक काम होते. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा आग्रह धरला. हा आकडा अवघड वाटतो, पण हिशेब सोपा आहे: समोरची इमारत जेवढी उंच, त्याच्या निदान निम्मे अंतर मध्ये मोकळे हवे. परळच्या ज्या बीआयटी चाळीत बाबासाहेब १९१२ ते १९३४ या काळात, मधली परदेशातली वर्षे सोडून, राहिले ती याच ट्रस्टची. त्या चाळींत खोल्या लहान होत्या, संडास सामाईक होते, त्यांचे कौतुक करायला मी बसलेली नाही. पण उजेडाचा हिशेब तेव्हा मांडला गेला होता, एवढे खरे.

तोच हिशेब आज लावून पाहा. सात मजली इमारत धरा सत्तर फूट उंच. मध्ये पस्तीस फूट मोकळे हवेत. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींना अंतराच्या नियमात सवलत मिळाली आणि अनेक ठिकाणी ते अंतर तीन मीटरवर, म्हणजे दहा फुटांवर आले. पस्तीसच्या जागी दहा! ही सवलत गरिबांच्या घराला मिळते. शेजारीच उभ्या राहणाऱ्या विक्रीच्या टॉवरपुढे बाग आणि पोडियम असतो, हेही आपण पाहतोच.

आता आपल्या बदललेल्या राहणीकडे येऊ. वस्तीत ओटा होता. भांडी, निवडणे-टिपणे, मुलांचा अभ्यास, सगळे ओट्यावर चालायचे. घर म्हणजे फक्त झोपायची जागा होती. इमारतीत दार लागते आणि माणूस दिवसभर आत असतो. बायका घरीच शिवणकाम, इमिटेशन ज्वेलरीचे काम करतात. फ्रिज, कपाट, दिवाण आले, आणि त्यातले काहीतरी एक खिडकीपुढे बसते. दहा फुटांवर समोरच्यांची खिडकी, म्हणून जाड पडदा कायमचा ओढलेला. त्याला मी बायकांचा दोष मानत नाही. कपडे बदलताना समोरून कोणी पाहू नये, एवढी साधी अपेक्षा आहे. नकाशा काढणाऱ्याने समोरासमोरच्या खिडक्या थोड्या सरकवल्या असत्या तरी हा प्रश्न कमी झाला असता.

ज्यांना अशी घरे मिळून गेली आहेत त्यांनी आधी दोन गोष्टी तपासाव्यात. भर दुपारी दिवा बंद करून खिडकीजवळ वर्तमानपत्र वाचता येते का? आणि पंखा बंद करून एक अगरबत्ती लावा, धूर कुठे जातो ते पाहा. धूर सरळ वर जाऊन छताखाली साचत असेल तर हवा थांबलेली आहे. मग खिडकीपुढचे कपाट हलवा. पडदा खालच्या अर्ध्या भागालाच ठेवा, वरचा भाग मोकळा. मुख्य दाराला जाळीचे दुसरे दार बसवले की कडी लावूनही हवा येते. स्वयंपाकघरात बाहेर हवा फेकणारा एग्झॉस्ट पंखा लावा आणि तो चालू असताना दारातून किंवा दुसऱ्या खिडकीतून हवा आत येऊ द्या, नाहीतर तो नुसता फिरतो. घरात खोकणारे माणूस असेल तर त्याची जागा खिडकीशी, आणि वाऱ्याची दिशा आपल्याकडून त्याच्याकडे व बाहेर. बंद खोलीत मच्छर कॉइल लावू नका, मच्छरदाणी वापरा. दोन आठवडे खोकला टिकला तर थुंकी तपासा. तपासणी आणि औषध सरकारी केंद्रात मोफत आहे, आणि उपचार सुरू असेपर्यंत पोषणासाठी महिना हजार रुपये खात्यात येतात. ते मागून घ्या.

भिंतीला ओल आली तर वरून रंग मारू नका. बुरशी रंगाखाली वाढते आणि लहान मुलांना दम्याचा त्रास देते. पाइप कुठे गळतो ते शोधावे लागते, आणि पाइप बहुतेक वेळा इमारतींमधल्या त्या अरुंद गाळ्यात असतो, जिथे वरून कचरा पडलेला असतो. तो गाळा साफ करणे हे सोसायटीचे काम. बिल्डरने भरलेला देखभालीचा निधी कुठे आहे, त्याचे व्याज येते का, हे सर्वसाधारण सभेत विचारा.

पण ज्यांच्या वस्तीत अजून संमतीपत्रे फिरत आहेत, त्यांच्या हातात जास्त आहे. वस्ती तिथेच ठेवून घरे सुधारता येतात, हे पुण्यात येरवड्याला झाले आहे. बीएसयूपी योजनेत वास्तुविशारद प्रसन्न देसाई यांनी महिला मिलन आणि स्पार्क यांच्यासोबत लोकांशी बोलून आहे त्या गल्लीत सुमारे २७० चौरस फुटांची घरे रचली. गल्ल्या राहिल्या, शेजार राहिला. सगळीकडे ते जमेल असे नाही, पण टॉवर हा एकच मार्ग नाही हे माहीत असावे.

मागच्या वर्षी एका वस्तीतल्या विहारात अशीच बैठक होती. नकाशा भिंतीवर लावला होता आणि तो कोणालाच कळत नव्हता. महिला मंडळातल्या एका मावशींनी सुतळी मागितली. आम्ही विहाराच्या फरशीवर दहा फूट मोजून खडूने दोन रेघा ओढल्या. एका रेघेवर एक मुलगी उभी राहिली, दुसरीवर तिची मैत्रीण. दोघींनी हात लांब केले. बोटांमध्ये चार-पाच फूट उरले.

"एवढंच?" मागून कोणीतरी म्हणाले.

मग प्रश्न सुरू झाले. दोन इमारतींमध्ये अंतर किती? पहिल्या मजल्यावर ऊन किती वाजता येते? खिडकी नेमकी किती मोठी? (आपल्या दमट हवेत ती खोलीच्या जमिनीच्या निदान एक षष्ठांश असावी, म्हणजे १२० चौरस फुटांच्या खोलीला २० चौरस फूट.) जिन्यात, व्हरांड्यात उजेड आहे का? म्हाताऱ्यांसाठी लिफ्टचा खर्च पुढे कोण देणार? उत्तरे त्या दिवशी मिळाली नाहीत. नकाशा मराठीत आणि अंतरे फुटांत लिहून द्या, तोवर कोणी सही करणार नाही, असे ठरले. पंधरा दिवसांनी नवा कागद आला. त्यात अंतर वीस फूट लिहिले होते. पस्तीस अजून झालेले नाही, बोलणी चालू आहेत.