पत्ता खेळून बघावा

विरार पूर्वेला चंदनसारच्या आमच्या वसाहतीत शाळकरी पोरं स्वतःचे पत्ते तयार करतात. पोकेमॉनचे विकतचे पत्ते महाग, त्यात खरे कुठले आणि नकली कुठले ते कळत नाही. शिवाय खेळाचं मर्म एकदा हाती लागलं की दुसऱ्याच्या राक्षसांपेक्षा आपले राक्षस जवळचे वाटायला लागतात. कार्डपेपर आणायचा, साधारण ६.३ बाय ८.८ सेंटिमीटरचे तुकडे कापायचे, वर चित्र, खाली मजकूर, एका कोपऱ्यात किंमत, दुसऱ्या कोपऱ्यात ताकद. मग तो गठ्ठा घेऊन मोठ्या माणसाकडे जायचं आणि विचारायचं, ‘काका, कसा झालाय?’

या प्रश्नाचं नीट उत्तर देणं ही एक विद्या आहे आणि ती शिकण्यासारखी आहे. बहुतेक मोठी माणसं ‘छान’ म्हणतात आणि पत्ता परत देतात. थोडी अधिक आस्था असलेली माणसं चित्राबद्दल बोलतात. पण पत्ता ही भिंतीवर लावायची वस्तू नाही. तो हातात धरायचा, योग्य वेळ येईपर्यंत राखायचा आणि मग टाकायचा असतो.

यातला एक पत्ता माझ्या विशेष लक्षात आहे. नाव ‘विरार फास्ट’. दारात लोंबकळणाऱ्या माणसांचा घोस, किंमत २, ताकद ९ आणि खाली एकच ओळ : ‘समोरच्याला उतरू देत नाही.’ विरार गाडीत चढून बोरिवलीला उतरू पाहणाऱ्याचे काय हाल होतात हे इकडच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे, त्यामुळे कल्पना अस्सल होती. पण खेळायला बसलो आणि पहिल्याच डावात भांडण. उतरू देत नाही म्हणजे समोरच्याने हातातला पत्ता उतरायचा नाही, की खाली उतरलेला पत्ता माघारी घ्यायचा नाही? आणि किती वेळ? एक फेरी, की हा पत्ता पटावर असेपर्यंत? दुसरी अडचण किमतीची होती. त्याच गठ्ठ्यात २ किमतीच्या इतर पत्त्यांची ताकद तीन-चारच्या पुढे नव्हती. ज्याच्या हाती विरार फास्ट आली तो जिंकला, आणि बाकीचे पत्ते कुणी हातात धरेना. पोरगा म्हणाला, ‘पण ती ताकदवान असायलाच हवी ना!’ हवीच. मग तिची किंमत वाढव, नाहीतर तिला एक उणी बाजू दे. मत द्यायचं ते असं : डावात काय घडलं ते सांगायचं आणि उपाय त्याच्यावर सोपवायचा.

हा अनुभव पोरांपुरता नाही. गणिताचा अभ्यासक असलेल्या रिचर्ड गारफिल्डने १९९३ साली ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ आणला आणि पत्ते जमवून, अदलाबदल करून खेळायच्या खेळांची आजची परंपरा तिथून सुरू झाली. हा खेळ बाजारात येण्याआधी पेनसिल्व्हानिया विद्यापीठातल्या त्याच्या मित्रमंडळींनी कच्च्या पत्त्यांवर तो भरपूर खेळून घेतला होता. त्यातलाच एक जण गारफिल्डकडे आला आणि म्हणाला, माझ्याकडे असा पत्ता आहे की तो टाकला की पुढच्या फेरीत मी जिंकलोच. पत्त्यावरच्या ओळीचा मतलब असा होता की प्रतिस्पर्ध्याची पुढची पाळी जाते; वाचणाऱ्याने घेतला तो असा की प्रतिस्पर्धी पुढच्या पाळीत हरतो. छापील पत्त्यावर मग ‘एक जादा पाळी घ्या’ अशा अर्थाचा मजकूर आला. लिहिणाऱ्याला आपलं वाक्य कधीच दुहेरी दिसत नाही, कारण त्याला अर्थ आधीच ठाऊक असतो.

त्याच पहिल्या संचात पाच पत्त्यांची एक मालिका होती. पाचांचीही किंमत एक आणि प्रत्येकाचं फळ तीन : कुणी तीन घाव घालतो, कुणी तीन प्राण परत देतो, कुणी तीन नवे पत्ते ओढू देतो. कागदावर मांडणी अगदी नेटकी. खेळात मात्र ‘ॲन्सेस्ट्रल रिकॉल’, म्हणजे तीन पत्ते ओढू देणारा, इतका भारी ठरला की १९९४च्या सुरुवातीला त्यावर बंधन आलं : गठ्ठ्यात एकापेक्षा जास्त ठेवायचा नाही. प्राण परत देणारा ‘हीलिंग साल्व्ह’ मात्र दुबळ्या पत्त्याचं उदाहरण म्हणून सांगितला जातो. तीन आणि तीन सारखे नाहीत, हे आकडा बघून कळत नाही.

आपल्याकडे पत्ते खेळून पारखण्याची ही परीक्षा कितीतरी जुनी आहे. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा, म्हणजे तेव्हाचे खेळायचे पत्ते, पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अकबराने तर जुन्या गंजिफात फेरफार केले. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त अकबर ज्यांनी खेळे त्या बारा रंगांची यादीच दिली आहे : अश्वपती, गजपती, नरपती, गढपती, धनपती, अगदी सर्पांचा राजा अहिपतीसुद्धा. प्रत्येक रंगात बारा पत्ते, एकूण १४४. आपल्या मनासारखा संच घडवून घेण्याची हौस बादशहालाही होती.

महाराष्ट्रात रुजली ती दशावतारी गंजिफा. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, असे १२० गोल पत्ते. हा संच मी जितका बघतो तितका मला त्यात खेळणाऱ्यांचा हात दिसतो. गोल पत्त्याला वर-खाली नसतं, तो कसाही उचला. पण गोल पत्ते हातात पसरले की प्रत्येकाची फक्त कड दिसते, चिन्ह झाकलं जातं. म्हणून प्रत्येक रंगाला वेगळी जमीन, म्हणजे पार्श्वभूमी : कडेचा रंग दिसला की अवतार कळतो. शिवाय निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि एक्का लहान, उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा आणि दश्शी लहान. नवख्याला हे छळ वाटतं. पण त्यामुळे नुसते मोठे आकडे हाती आले म्हणून कुणाचं भागत नाही. खेळायचं तिघांनी, प्रत्येकी ४० पत्ते. दिवसा बसलात तर ज्याच्याकडे रामाचा राजा तो सुरुवात करणार, रात्री बसलात तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे तो. बाहेर काय वेळ झाली आहे हे नियमात गुंफणारा, गंजिफाखेरीज, पत्त्यांचा दुसरा खेळ मला माहीत नाही. कोणत्या रंगातले वरचे पत्ते जाऊन आता हुकूम कुणाचा उरला, ही आठवण ठेवण्यावर सगळी भिस्त.

याच्या उलट टोकाला म्हैसूर. तिथले राजे तिसरे कृष्णराज वडियार (१७९४–१८६८) यांनी एकोणिसाव्या शतकात नवे नवे संच रचले. त्यांना ‘चाड’ म्हणत. रंग वाढत वाढत अठरापर्यंत गेले आणि पत्ते ३६०पर्यंत. मुंबईतले कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन या पत्त्यांनी इतके भारावले की त्यांनी त्यावर पुस्तकच लिहिलं. चित्रं खरोखर अप्रतिम आहेत. पण हे खेळ राजवाड्याबाहेर फारसे पसरले नाहीत आणि मला त्याचं कारण उघड दिसतं : ३६० पत्ते लक्षात ठेवणं साध्या माणसाच्या आवाक्यातलं नाही, आणि राजाच्या समोर बसून तसं म्हणणं सोपं नाही.

सावंतवाडीत कहाणी वेगळ्या वाटेने गेली. छापील ५२ पत्ते स्वस्तात मिळू लागले तसे गंजिफा खेळणारे आटत गेले. १९७०च्या सुमारास शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ही कला वाचवायचं मनावर घेतलं, तेव्हा जुन्या पद्धतीने काम जाणणारे पुंडलिक चितारी वृद्ध झाले होते. राणीसाहेब स्वतः त्यांच्याकडून शिकल्या, पुढे इतरांना शिकवलं, राजवाड्यात काम सुरू झालं. चिंचोक्याची खळ, खडूची भुकटी, दगडाने घोटून गुळगुळीत केलेला पृष्ठभाग, बारीक कुंचल्याची रेघ, वरून लाखेचा थर : हे सगळं त्यांच्यामुळे टिकलं. २०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या दोघांचे आपल्यावर मोठे उपकार आहेत, असं मी मनापासून मानतो.

पण पत्ते वाचले तसे खेळणारे वाचले नाहीत. आज संच घेणारा तो बहुधा भेट द्यायला किंवा काचेच्या कपाटात ठेवायला घेतो. चिताऱ्याला मत मिळतं ते रंग उजळ आहेत का, देवाचा चेहरा प्रसन्न आहे का, डबी कशी आहे, एवढंच. हात भरून पत्ते पसरल्यावर जमीन ओळखू येते का, हे त्याला कुणी सांगत नाही, कारण कुणी हात भरून पसरतच नाही. मानांकन घडवण्याची रीत राखतं. खेळाची परीक्षा मात्र खेळणाऱ्यानेच घ्यायची असते.

म्हणून माझी विनंती आहे. सावंतवाडीचा संच घरात असेल तर या दिवाळीत कपाटातून काढा. चादर अंथरा, तिघे बसा, ४० - ४० पत्ते वाटून घ्या. दिवसा रामाचा, रात्री कृष्णाचा राजा कुणाकडे आहे ते विचारा आणि सुरू करा. लाखेचा थर रोजच्या हाताळणीसाठीच दिलेला असतो, त्याची काळजी नको. तासाभरात बारीकसारीक गोष्टी ध्यानात येतील. दिव्याच्या पिवळ्या उजेडात कुठल्या दोन जमिनी एकसारख्या दिसतात? मत्स्याच्या नव्वीतले नऊ मासे आणि दश्शीतले दहा मासे एका नजरेत वेगळे कळतात की बोटाने मोजावे लागतात? मोजावे लागत असतील तर ते संच करणाऱ्यांना कळवा, कुठल्या डावात कशामुळे अडलात ते सांगून. मासे तीन ओळींत मांडायचे की दोन, दहावा मध्ये घ्यायचा की कडेला, हे त्यांचं ते ठरवतील.